आतून सलग, बाहेरून टाके

“या टाकीला आतून कुणाकुणाचे हात लागलेत?” सबनीस मॅडमनी विचारलं.

टाकीचं गोल दार उघडं होतं. मॅडमनी आत टॉर्च तिरका धरला होता आणि चकचकीत स्टीलवर एका अंगठ्याचा ठसा स्वच्छ दिसत होता. मॅडमच्या पुण्यातल्या संशोधन संस्थेत आम्हाला येऊन जेमतेम तासभर झाला होता. मी आणि दस्तगीरभाई मुजावर, दोघंही शाळेत पकडलेल्या पोरांसारखे शेजारी शेजारी उभे होतो.

मी म्हणाले, कुणाचेच नाहीत. खोटं बोलायची माझी ही तयारी वाखाणण्यासारखी होती, कारण ठसा समोर होता.

“माझं लागलं असत्याल,” दस्तगीरभाई म्हणाले. “टाकी मीच बांधलीय.”

मॅडमनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. मग माझ्याजवळ येऊन नाक जरा पुढे केलं आणि केसांना काय लावलंयस म्हणून विचारलं. वासाचं तेल होतं. मला एक कापडी टोपी मिळाली, हातमोजे मिळाले, आणि ते तेल आठवडाभर माहेरी ठेवायचं असं बजावण्यात आलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, लग्न व्हायचं होतं, त्यामुळे तेलाला माहेर कुठलं हे मला कळलं नाही.

टाकी म्हणजे पाण्याची नव्हे. आत माणूस वाकून उभा राहील एवढं स्टीलचं भांडं, त्याला बाहेर आलेले अकरा गळे, त्यावर पंप, मीटर आणि तारा जोडायच्या. पंपांनी आतली हवा काढून घ्यायची आणि उपग्रहावर बसणारी उपकरणं त्या पोकळीत ठेवून बघायची, कारण वर गेल्यावर त्यांना हवा भेटणार नाही. आमचं वर्कशॉप सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतलं. आम्ही डेअरीसाठी दुधाच्या टाक्या आणि साखर कारखान्यांची भांडी बनवायचो. मालक अण्णा आडमुठे. आडनाव त्यांच्या वाडवडिलांनी विचार करून घेतलं असावं. असली टाकी आपल्याला जमणार नाही असं त्यांना चौघांनी सांगितलं, त्याच दिवशी त्यांनी ऑर्डर घेतली.

टाकी झाली, सांगलीत तपासली गेली, पुण्याला पोचली, आणि आठ दिवसांनी संस्थेचा फोन आला की आतला दाब हवा तेवढा खाली येत नाही. “सांगलीत गळत नव्हती ती पुण्यात कशी गळायला लागली? हवा बदलली म्हणून?” असं अण्णा सबंध शेडला विचारत फिरले. मग दस्तगीरभाईंच्या वेल्डिंग बूथसमोर उभे राहिले. सगळ्यांसमोर म्हणाले, “जा आणि बघून ये. वेल्ड तुझा निघाला, तर उद्यापास्नं गेटच्या आत यायचं न्हाई.”

दस्तगीरभाई तेव्हा बावन्न वर्षांचे होते. अण्णांकडे एकोणीस वर्षं झाली होती त्यांना, त्याआधी साखर कारखान्याच्या बॉयलरवर. माझे मात्र साडेचार महिने. सहा महिन्यांच्या उमेदवारीवर घेतलेली, त्या शेडमधली पहिली इंजिनिअर मुलगी. ड्रॉइंग वाचायचं आणि कामगारांना समजावून द्यायचं हे माझं काम. अण्णांनी मला दस्तगीरभाईंबरोबर पाठवलं ते कागदपत्रं आणि इंग्रजी सांभाळायला.

पुढच्या बुधवारी बेंगळुरूहून एक उपकरण त्या टाकीत तपासायला येणार होतं. आम्ही पोचलो मंगळवारी. म्हणजे हातात आठ दिवस.

पहिले दोन दिवस आम्ही नुसतं पुसत होतो. टाकी आधी धुतलेली होती, आमच्या दृष्टीनं लख्ख होती. मॅडमच्या दृष्टीनं ती चिखलात लोळून आलेली होती. त्यांनी मला समजावलं ते अजून तसंच कानात आहे.

“लोणच्याचा डबा घासून, वाळवून ठेवलास, सहा महिन्यांनी उघडलास, तर वास येतो की नाही?”

“येतो.”

“कुठून येतो? डबा तर रिकामा आहे. झाकणाच्या रबरानं धरून ठेवलेला असतो. स्टीलही धरून ठेवतं, बोटाचं तेल, साबण, आणि सगळ्यात जास्त पाणी. हवा असते तोवर ते गप्प बसतं. हवा काढून घेतली की भिंती एकेक सोडायला लागतात. आपण पंप लावून उपसतो आणि त्या मागून सोडत राहतात.”

मी विचारलं, मग आकडा खाली येतो तरी कसा. त्या म्हणाल्या, त्यांना सगळं सोडू द्यायचं. तापवायचं, थांबायचं, घाई करायची नाही.

मॅडम पन्नाशीच्या आतबाहेर होत्या, बारीक चणीच्या, आणि चुकलं तर आवाज न चढवता बघायच्या, ते जास्त लागायचं. दस्तगीरभाईंशी मात्र त्यांचं पहिल्याच दिवशी जमलं. त्याला कारण हात धुणं. टाकीत शिरण्याआधी हात धुवा म्हटल्यावर मी नळाखाली बोटं धरली आणि झटकली. दस्तगीरभाईंनी बाह्या वर सारल्या, बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवलं, मनगट, मग कोपरापर्यंत, तीन तीन वेळा, उजवा आधी. दिवसातून पाच वेळा करत आलेलं काम, त्यात घाई नव्हती आणि दाखवायचं तर काहीच नव्हतं. मॅडम बघत राहिल्या. म्हणाल्या, इथल्या पीएचडीवाल्यांना मी चार वर्षं हे शिकवतेय. मग माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा नळ सोडला.

गुरुवारी टाकी भाजली. मॅडम ‘भाजणं’च म्हणायच्या. सगळ्या अंगाला तापणाऱ्या पट्ट्या गुंडाळायच्या, वरून अॅल्युमिनियमची पातळ चंदेरी फॉइल, आणि चोवीस तास पाणी उकळतं त्याच्याही वर तापत ठेवायचं. पंप एका बाजूनं ओढत होते. शुक्रवारी सकाळी टाकी निवली आणि आम्ही तिघं मीटरसमोर बसलो. आकडा झरझर उतरला. मी मनात अण्णांना फोनसुद्धा लावून टाकला. मग तो एका जागी आला आणि बसला. आकडा हवा होता त्याच्या शंभरपट वर.

मॅडमनी पंपाकडची झडप बंद केली आणि मला आलेख-कागद दिला. दर पाच मिनिटांनी दाब किती चढतो ते टिपायचं. भिंती गॅस सोडत असतील तर रेघ आधी वर चढते आणि मग दमते, वाकते. बाहेरची हवा आत येत असेल तर ती दमत नाही. माझी रेघ दीड तास फूटपट्टीनं काढल्यासारखी सरळ गेली.

म्हणजे गळती. मॅडमनी हेलियमची नळी आणली. टाकीच्या बाहेरून सांध्यासांध्यावर हेलियम फुंकायचा. कुठे भोक असेल तर तो आत शिरतो आणि टाकीला जोडलेलं यंत्र ओरडतं. अकरा गळे, दाराची कड, बूड, सगळं फिरून झालं. यंत्र ढिम्म.

“गळती आहे,” मॅडम म्हणाल्या, “आणि बाहेरून आत काही येत नाहीये.”

दस्तगीरभाई गळ्यांच्या वेल्डवरून बोट फिरवत होते. एकोणीस वर्षांची त्यांची पुण्याई त्या रेघेवर उभी होती.

दुपारी मॅडमनी शेवटचं यंत्र जोडलं. टाकीत जो काही गॅस उरला असेल त्याची जात ओळखणारं. पडद्यावर आकडे आणि त्यावर उभे दांडके. अठरावर पाणी, ते आता अगदी बुटकं, आमच्या भाजण्याचं फळ. अठ्ठावीसवर नायट्रोजन. बत्तीसवर ऑक्सिजन जेमतेम. आणि चाळीसवर एक ताडमाड दांडका.

मॅडम पुढे सरकून बसल्या. चाळीस म्हणजे आर्गॉन, त्या म्हणाल्या. हवेत तो शंभरात एक भाग असतो. इथे तो सगळ्यांत उंच. ही बाहेरची हवा नव्हेच.

“आर्गन?” मागून दस्तगीरभाईंचा आवाज आला. “निळ्या सिलिंडरचा?”

“हो, तोच.”

“मग तो माझा ग्यास हाय, मोठ्या म्याडम.”

त्यांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर उकिडवे बसून चित्र काढलं. टाकीचं अंग, त्यात शिरलेला गळा. आतल्या बाजूनं एक वेल्ड, बाहेरच्या बाजूनं एक वेल्ड. वेल्ड करायच्या टॉर्चमधून आर्गन सुटत असतो, कढत धातूला हवा लागू नये म्हणून. दोन्ही वेल्डच्या मधे जी फट राहते, तिथे त्यांनी खडूचं टोक टेकवलं. “ह्यात कोंडलाय. सांगलीपास्नं. बाहेरचा वेल्ड घट्ट, म्हणून तुमचा हेलियम जाईना. आतल्या वेल्डला कुठं तरी सुईएवढं भोक असणार. तिथनं थोडा थोडा सोडतोय.”

मॅडम खुर्चीवरून उठून त्यांच्याशेजारी फरशीवर बसल्या. बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या, खूश होऊन. मग कपाटातून ड्रॉइंग काढलं. गळ्याच्या सांध्यावर बाण होता आणि त्यांनीच लिहिलेली सूचना होती, आतून सलग, बाहेरून स्टिच.

“म्हणूनच बाहेरून टाके लिहिले होते. टाक्यांच्या मधून फट मोकळी राहते, कोंडत काही नाही. आत भोक असलं तर तपासताना सांगलीतच सापडलं असतं.” त्यांनी वर बघितलं. “बाहेरून सलग कुणी करायला सांगितलं?”

आता मला जे आठवलं ते सांगायला हवं.

तीन महिन्यांपूर्वी दस्तगीरभाई हेच ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलापाशी आले होते. बाहेरून टाकेच ठेवायचे ना, म्हणून विचारत होते. मी शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. आमच्या घरात टाका म्हणजे कच्चा टाका. आई कापड आधी हातानं लांब लांब टाके घालून जोडायची, मग मशीनवर पक्की शिलाई मारायची आणि टाके उसवून टाकायची. टाक्यांवर ब्लाउज गिऱ्हाइकाला दिला, असं कधी झालं नाही. स्टिच हा शब्द मी ड्रॉइंगवर वाचला आणि मला आईचा पांढरा दोरा दिसला. मी सांगितलं, टाके हे आधी धरून ठेवायला असतात, नंतर पूर्ण करून घ्यायचं. ते गेले आणि दहा मिनिटांनी परत आले. म्हणाले, “चित्रात तर टाकंच दिसत्यात, म्याडम. एकदा पुण्याला विचारावं का?” मी म्हणाले, “ड्रॉइंग मला वाचता येतं, दस्तगीरभाई. अर्धवट काम पाठवून अण्णांचं नाव घालवायचं आहे का?”

हे माझं वाक्य. तेवीस वर्षांच्या मुलीनं बावन्न वर्षांच्या कारागिराला ऐकवलेलं.

मी ड्रॉइंगवरच्या त्या बाणावर नजर ठेवून बसले. मॅडमचा प्रश्न अजून हवेत होता.

“मीच केलं,” दस्तगीरभाई म्हणाले. “कारखान्याची सवय. बॉयलरला दोन्हीकडनं भरतो आम्ही. हात थांबला न्हाई.”

ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. चित्र पुसायला त्यांनी ओलं फडकं मागितलं.

संध्याकाळी पाचला अण्णांचा फोन आला. तो मी घेतला. काय निघालं ते सांगितलं. कुणाचं, असं त्यांनी विचारलं आणि मी उत्तर दिलं, “दस्तगीरभाई म्हणतात, त्यांची सवय.” प्रत्येक शब्द खरा होता. इतकं अस्सल खोटं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी बोलले नाही. अण्णा म्हणाले, “दुरुस्त करून या. आणि त्याला सांग, आल्यावर हत्यारांची पेटी घेऊन सरळ घरीच जायचं.”

मी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, पण अण्णांचा आवाज फोनबाहेर ऐकू येण्याइतका मोठा असतो.

शनिवारी त्यांनी अकराही गळ्यांच्या बाहेरच्या वेल्डला बारीक छिद्रं पाडली. कोंडलेल्या फटी मोकळ्या झाल्या. मग एकेका छिद्रातून हेलियम फुंकायचा. सातव्या गळ्याला यंत्र असं कोकललं की मॅडमच्या हातातला चष्मा पडला. आम्ही दार उघडलं आणि दस्तगीरभाई आत शिरले. दुरुस्ती करायची तर कुणीतरी आत उजेड आणि भिंग धरायला हवं होतं, म्हणून टोपी घालून मीही शिरले.

आत आम्ही दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. बोललं की आवाज अंगावर परत यायचा. भिंगाखाली भोक दिसलं. सुईचं टोकही त्यापेक्षा जाड असेल.

“अठरा मीटर वेल्ड हाय सगळा मिळून,” ते म्हणाले. “त्यात हे एवढं. भोक माझंच, म्याडम. ते काय कुणी दुसऱ्यानं पाडलं न्हाई.”

“झाकलं मी,” मी म्हणाले. कालपासून अडकलेलं ते तिथे, त्या डब्यात निघालं, आणि मग थांबेचना. मी म्हणाले, तुम्ही दोनदा विचारलंत. मी तुम्हाला बोलले. अण्णांना फोनवर खरं सांगितलं नाही. ते तुम्हाला काढणार आहेत. तुम्ही का बोललात तसं?

ते ग्राइंडरची चकती बदलत होते. बदलून झाली तेव्हा बोलले.

“मला काढलं तर मिरजेत वेल्डिंगची चार शटरं हाईत. कुठंबी उभा राहीन. वेल्डर म्हणून आलो, वेल्डर म्हणूनच जाईन. तुम्हाला काढलं तर अण्णा काय म्हणणार ठाऊक हाय? बाईमाणसाच्या हातात ड्रॉइंग दिलं, ही चूक झाली. मग सगळ्या वसाहतीत तेच म्हणत्याल. माझी धाकटी बारावीला हाय. तिला पण हेच शिकायचंय.” त्यांनी चष्मा चढवला. “डोळं झाका आता. किटाळ उडल.”

मी डोळे मिटले. ग्राइंडर सुरू झाला, ठिणग्या हातमोज्यांवर टपटपल्या आणि त्या आवाजात मला मोकळेपणी रडता आलं. हातातला दिवा मात्र मी हलू दिला नाही.

मग त्यांनी ते भोक भरलं. अंगठ्याच्या नखाएवढा वेल्ड, पण आधी पाच मिनिटं नुसते त्या जागेकडे बघत बसले. टॉर्च पेटवला तेव्हा श्वास धरला आणि तो विझला तेव्हाच सोडला. वर आलेला तो चंदेरी ठिपका इतका नेटका होता की सबनीस मॅडमनी नंतर त्यावर हातमोज्यातलं बोट टेकवून बघितलं.

पुन्हा धुणं, पुन्हा पुसणं, रविवारी पुन्हा भाजणं. सोमवारी दुपारी आकडा उतरायला लागला. जिथे आधी बसला होता तिथे तो आला तेव्हा मी श्वास घेणं थांबवलं. तो तिथून खाली गेला, आणखी खाली गेला, आणि हवा होता त्याच्याही खाली जाऊन रेंगाळला. चाळीसवरचा दांडका मातीत गेला होता. मॅडमनी दस्तगीरभाईंना हात जोडले. ते इतके ओशाळले की त्यांनीही जोडले, आणि दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले.

निघण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. दोषाचं कारण आणि उपाय, खाली आमची सही, मॅडमची सही, एक प्रत अण्णांना. मॅडमनी तो माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, “कारण लिही. नाव नाही लिहिलंस तरी मला चालेल.”

त्यांनी पळवाट इतकी सहज उघडून दिली होती. ‘सूचनेचा चुकीचा अर्थ लावला गेला’ असं लिहिलं की झालं. मराठीत आणि इंग्रजीतही अशी वाक्यं माणसाशिवाय छान उभी राहतात. मी तसंच लिहायला घेतलं. मग वाटलं, या कागदावर कुणाचंच नाव नसेल तर सांगलीला एकच नाव उरतं, आणि तो माणूस बाहेर कट्ट्यावर बसून माझी वाट बघतोय, मला बसमध्ये खिडकी मिळावी म्हणून लवकर निघायचंय त्याला.

मी कागद उलटा केला, दुसरा मागितला आणि लिहिलं, की बाहेरून सलग वेल्ड करण्याची तोंडी सूचना मी, पद्मजा हेरवाडे हिने, ड्रॉइंगचा चुकीचा अर्थ लावून दिली. वेल्डर मुजावर यांनी त्या वेळी शंका विचारली होती.

मॅडमनी वाचलं. “एकदा विचारली होती?”

“दोनदा.”

“मग दोनदा लिही.”

मी ‘दोनदा’ लिहिलं. त्यांनी सही केली, आणि उठून माझ्या डोक्यावरची ती कापडी टोपी, जी काढायची मी विसरले होते, स्वतःच्या हातानं काढून घेतली.

बसमध्ये मी दस्तगीरभाईंना काहीच सांगितलं नाही. ते सांगलीत, अण्णांच्या केबिनमध्येच कळलं त्यांना. अण्णांनी कागद उभ्यानं वाचला, मग खाली बसून वाचला. दस्तगीरभाई हत्यारांची पेटी हातात घेऊनच आले होते.

“ह्यात तर हिचं नाव हाय,” अण्णा म्हणाले.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही. “भोक माझं हुतं, अण्णा,” ते म्हणाले. “पोरीनं उगाच अंगावर घेतलंय.”

“दोनदा विचारलंस का न्हाई तू हिला?”

दस्तगीरभाईंनी पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“विचारलंस की न्हाई, दस्तगीर?”

“विचारलं.”

अण्णा खिडकीकडे गेले. तिथून त्यांना सगळी शेड दिसायची. बराच वेळ पाठमोरे उभे होते आणि मी मनात टेबलाचा खण रिकामा करत होते. डबा, कंपासपेटी, आईनं शिवलेली उशी. मग ते वळले. म्हणाले, “एकोणीस वर्षांत ह्या शेडात कुणी चूक लिहून दिलेली मी बघितली न्हाई. सगळे एकमेकाचीच नावं सांगत आलेत. आणि आता दोघं भांडताय, माझी माझी म्हणून.” ते जरा चिडलेच होते, कारण कुणाला काढायचं हे आता त्यांना कळेना. शेवटी बोट माझ्याकडे आलं. “उद्यापास्नं ड्रॉइंगला हात लावायचा न्हाई. सहा महिनं दस्तगीरच्या हाताखाली वेल्डिंगला. ते जमलं तर परत टेबल. न्हाई जमलं तर तू आणि तुझी डिग्री.” आणि दस्तगीरभाईंना म्हणाले, “ती पेटी ठेव खाली. काय मिरवत उभा राहिलायस.”

शिक्षा होती ती. आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आम्ही फक्त अशाच पोकळीच्या टाक्या बनवतो, आणि माझ्याकडे जे काही आहे ते त्या सहा महिन्यांतून आलंय. ते सहा महिने मला ज्यांच्यामुळे मिळाले ते दस्तगीरभाई आता ऐंशीला टेकलेत. त्यांच्या धाकटीनं माझ्याकडे सात वर्षं डिझाइन सांभाळलं. मी त्यांची किती ऋणी आहे हे मी त्यांना कित्येकदा सांगितलंय, आणि ते दर वेळी विषय बदलून माझ्या एखाद्या वेल्डरची खोड काढतात. त्या शुक्रवारी चूक अंगावर घेऊन त्यांनी मला तीन दिवस दिले. ते मिळाले नसते तर मी भीतीपोटी खोट्यालाच चिकटून बसले असते, आणि पुढे तशीच जगले असते. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी स्वतःला फोनवर ऐकलं होतं.

अण्णांनी शिक्षा सुनावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाड कापडाचा डगला घालून त्यांच्या बूथमध्ये उभी राहिले. ते अजून रुसलेले होते. त्यांनी पातळ पत्र्याचे दोन तुकडे समोर ठेवले, टॉर्च माझ्या हातात दिला आणि मागे सरले. मी तोंडावरच्या मुखवट्याची काच खाली ओढली. निळा उजेड फुटला. पहिल्या इंचभर जमलं असं वाटलं, मग हात थबकला आणि पत्र्यातून पलीकडचा उजेड दिसायला लागला. भोक पडलं होतं, चांगलं वाटाण्याएवढं. मी घाईनं वेल्ड भरायची तार पुढे करून त्यावर थापायला गेले.

त्यांनी मागून माझं मनगट धरलं.

“हां हां. झाकायचं न्हाई. पहिलं सांगायचं.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. भोक पडलं म्हणून वरडायचं. शेडाचा रिवाज हाय. कुणीतरी येतं, बघतं, मग दोघं मिळून भरत्यात.”

शेडमध्ये बावीस माणसं होती. सगळ्यांना बातमी कळलेली होती आणि सगळे काम करत असल्याचं सोंग छान वठवत होते. मी काच वर केली. माझे कान तापले होते. मी पहिल्यांदा म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं.

“मोठ्यानं, पद्मजा.”

“भोक पडलं!” मी ओरडले.

असला रिवाज त्या शेडात त्या सकाळपर्यंत नव्हता. पलीकडच्या बूथमधला कुणीतरी हसला, मग सगळी शेड हसली, आणि त्या हसण्यात दस्तगीरभाईही होते. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसले.